वाखाची होडी

पारेहुइया आणि मी काफियाच्या, म्हणजे समुद्रकाठच्या आमच्या गावच्या, शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे ती हॅमिल्टनला शिकायला गेली आणि डॉक्टर झाली. माणसं तपासणारी नव्हे. झाडाचा वाख रेझिनमध्ये बसवायचा, त्याची पट्टी करायची आणि ती किती वजनाला मोडते ते बघायचं, असल्या कामातली डॉक्टर. मी इथेच राहिले. पेट्रोल पंपावरचं दुकान सांभाळते, आणि संध्याकाळी क्लबच्या वाकात तिसऱ्या जागेवर बसून वल्हं मारते. वाका म्हणजे सहा जणांची लांब निमुळती होडी. तोल राहावा म्हणून तिच्या एका बाजूला दोन आडव्या वाशांनी तरंगता दांडा बांधलेला असतो. आमच्याकडे एक वाका अशी होती, जी पारेने लॅबमध्ये बनवली होती. ती होडी पारेच्या मानगुटीवर कशी बसली, ते मी जवळून पाहिलं.

पारेची आई माकारेटा लवकर गेली. पारेला वाढवलं आईच्या थोरल्या बहिणीने, आँटी फेतूने. आँटी फेतू म्हणजे आमच्या माराएवरचा, गाव जमतं त्या सभाघराच्या आवारातला, सगळ्यात मोठा आवाज. कुणाचं मयत असो की लग्न, स्वयंपाकघरात कुणी काय करायचं ते तीच ठरवते. तिच्या घरामागे हाराकेकेची बाग आहे. घायपातीसारख्या, पण त्याहून उंच आणि लवचिक पातींची बेटं. शाळेतून आलं की पारे तिच्यामागे कापायला जायची. मधली कोवळी पात म्हणजे मूल, तिच्या दोन्ही अंगांच्या पाती म्हणजे आईबाप, त्यांना हात लावायचा नाही. बाहेरच्या जून पाती तेवढ्या घ्यायच्या. पाऊस असेल तर ह्याही नाहीत. मग शिंपल्याच्या धारेने हिरवं खरवडून काढायचं, की आतून पांढराशुभ्र, रेशमासारखा वाख निघतो. आँटी त्यातून झग्यांच्या किनारी विणायची. पारेला विणण्यात कधी रस नव्हता. ती धागा दोन्ही हातांत धरून ताणायची, तुटेपर्यंत.

"पोरी, तोडायला नाही काढला तो," आँटी ओरडायची.

पण पारेने पोट भरलं ते तोडूनच. हॅमिल्टनबाहेरच्या एका संशोधन संस्थेत ती लागली. काचेच्या तंतूंऐवजी झाडाचे तंतू वापरून प्लास्टिकला बळकटी द्यायची, ह्यावर तिथे काम चालायचं. दुसरीकडे लोक ज्यूटवर, अंबाडीवर, घायपातीवर हेच करत होते, इथे हाराकेके. वाख काचेपेक्षा हलका, बळकट, आणि आमच्या परसात उगवणारा. अडचण एकच होती. "झाडातून बाहेर काढला तरी पाणी प्यायची सवय तो सोडत नाही," असं पारे म्हणायची. पाणी प्यायला की तंतू फुगतो, फुगला की रेझिनपासून सुटतो, आणि सुटला की पट्टी नुसती दिसायला पट्टी राहते. ती सवय मोडायला कॉस्टिक सोड्यात धुऊन बघ, भट्टीत सुकवून बघ, वरून लेप दे, ह्यात तिची उमेदीची वर्षं गेली. नवऱ्याशी पटलं नाही, तो क्राइस्टचर्चला निघून गेला.

वाकाची कल्पना तिची नव्हती, हे मला आधीच सांगितलं पाहिजे, कारण पुढे सगळे ती तिचीच होती असं धरून बसले. तिच्या संस्थेत रखवालदार असलेला आमच्या गावचा एक म्हातारा वारला. मयताच्या जेवणाला पारेचा साहेब ग्रॅहम लिडलही आला होता. डुकराचं मटण आणि पाणपालक उकळलेल्या पातेल्याभोवती सगळे बसले होते, आणि पारेचा मावसभाऊ टुरोआ, जो आमच्या क्लबचा सुकाणूवाला, तोंडात घास असताना म्हणाला, "काय गं पारे, एवढी वर्षं नुसत्या पट्ट्याच मोडतेस. एखादी वस्तू कधी करणार? आम्हाला एक वाका तरी कर!"

"तुला बसवून मोडायला?" पारे म्हणाली.

सगळे हसले. ग्रॅहम हसला नाही. परतताना गाडीत तो पारेला एकच शब्द बोलला: "वाका."

पारेने त्याला परोपरीने सांगितलं. आधी खुर्ची करू, दाराचं पॅनेल करू, कोरड्यात राहणारं काहीतरी करू. होडी तर पाण्यातच जाणार, तेही खाऱ्या.

"खुर्चीचा फोटो कोण छापेल, पारे?" ग्रॅहम म्हणाला. माणूस वाईट नव्हता. दरवर्षी वर जाऊन लॅब चालू ठेवायला पदर पसरावा लागायचा तो त्यालाच. "एक वाका कर. मग दहा वर्षं खुर्च्या कर, कुणी अडवणार नाही."

त्या हिवाळ्यात माराएच्या जेवणघरात आँट्यांची रांग बसली. यंत्राने काढलेला वाख ठेचतो, तुकडे होतात. हाताने काढलेला लांबच्या लांब अखंड राहतो. म्हणून सगळा हातानेच. शिंपल्यांचा खरखर आवाज, मधे हीटर, कुणीतरी जुनी गाणी लावलेली, आणि आँटी फेतूची देखरेख: "हे काय, दाढी केलीस का त्याची? नीट ओढ." माझ्याही बोटांना चिरा पडल्या होत्या. पारे शनिवारी यायची आणि वाखाच्या जुड्या गाडीच्या मागच्या सीटवर लेकरं झोपवावीत तशा ठेवून न्यायची.

होडी झाली ती खरोखर देखणी झाली. साच्यात वाखाचे थर अंथरून, वरून पिशवी लावून हवा ओढून घेतलेली, रेझिन थराथरांत मुरलेलं. रंग मधासारखा. उन्हाकडे धरली की आतला वाख दिसायचा, नुकतेच विंचरलेले केस असावेत तसा. पाण्यात उतरवायच्या दिवशी सगळं गाव धक्क्यावर होतं. प्रार्थना झाली, आणि नाव सांगायला आँटी फेतू पुढे आली. नाव काय ठेवायचं ते तिने कुणालाच विचारलं नव्हतं.

"माकारेटा," आँटी म्हणाली.

सगळ्या बायकांनी हुंदका दिला. मी पारेकडे पाहिलं. ती हसत होती, पण हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. खूप नंतर तिने मला सांगितलं, "मला ओरडावंसं वाटलं, हिला नाव देऊ नका! हा नमुना आहे. नमुन्याला नंबर देतात."

पुढचे दोन उन्हाळे माकारेटाचे होते. हलकी, वळायला सोपी, आणि लाटेवर तिचा आवाज मऊ. फायबरग्लासच्या होडीचा असतो तसा टणटणीत नाही. संस्थेच्या दारात शिरताच समोर तिचा भिंतभर फोटो लागला: आम्ही सहा जण, वल्ही वर, आणि कोपऱ्यात पारे. ग्रॅहमला वरची जागा मिळाली. आणखी सहा होड्या करायचं ठरलं. त्यासाठी गावाने गुरांची दोन कुरणं मोकळी करून हाराकेके लावला. पारे गावात आली की म्हातारे उठून तिला जागा द्यायचे. तिला ते अजिबात सोसायचं नाही. ती उभीच राहायची.

होडीच्याच वेळी, त्याच वाखाच्या आणि रेझिनच्या काही पट्ट्या तिने करून ठेवल्या होत्या. त्या एका खेकड्याच्या पिंजऱ्यात घालून आमच्या धक्क्याखाली समुद्रात सोडल्या होत्या. दुसऱ्या उन्हाळ्यानंतरच्या हिवाळ्यात ती त्या काढायला आली, तेव्हा मी दुकान बंद करून तिच्याबरोबर गेले. दोरी ओढून पिंजरा वर घेतला. तिने एक पट्टी पुसली, दोन्ही टोकांना धरली आणि वाकवली. पट्टी ओल्या पुठ्ठ्यासारखी वाकली. कट्कन आवाजसुद्धा आला नाही.

"वाईट आहे का?" मी विचारलं.

"पट्टी आहे," ती म्हणाली. "पट्ट्यांचं असंच असतं." आणि ती तिने खिशात घातली, बाकीच्या पिशवीत.

तिने ग्रॅहमला सांगितलं. लपवलं नाही. तो ऐकून घेऊन म्हणाला, "पट्टीच्या चारही कडा कापलेल्या. पाणी तिथून शिरणारच. होडीला उघडी कड कुठे आहे? सगळीकडून लेप आहे."

"दोरीने वासे बांधतात तिथे लेप झिजलाय."

"मग होडी तपास. फुटली असेल तर सांग. फुटलीय का?"

"नाही."

"बघ हं, पारे. सहा होड्या मंजूर आहेत, लॅबमधली अकरा माणसं त्यावर आहेत. तू म्हणत असशील धोका आहे, तर मी उद्या थांबवतो. पण मला 'वाटतं' नको. 'आहे' असं सांग."

इथे ती अडकली. 'आहे' म्हणायचं तर होडी कापून आत बघावं लागणार. वरून आतलं कळत नाही. आणि कापायचं कुणाला, तर माकारेटाला.

ती नाण्याने होडी वाजवून बघायला क्लबच्या शेडमध्ये आली. असं वाजवून त्यांना कळतं. धड जागा वाजते, आतून सुटलेली जागा बद्द बोलते. पुढच्या वाशाच्या बांधापाशी आवाज बदलला. तिने चार बोटं पुढे वाजवलं, परत मागे येऊन वाजवलं. तेवढ्यात टुरोआ आत आला.

"काय, तब्येत बघतेस?" तो म्हणाला. "कशी आहे माझी मावशी?"

शेडच्या उघड्या दारातून आँटी फेतू दिसत होती. पायरीवर उन्हात बसून ती पुढच्या होडीसाठी वाख काढत होती, आणि शेजारच्या बाईला सांगत होती की कारापिरोच्या तळ्यावर, देशभरच्या शर्यतीत, ह्या वेळी माकारेटा उतरणार.

"ठीक आहे," पारे म्हणाली.

ते दोन शब्द बोलले गेले, आणि मग ते परत घेणं रोज थोडं जास्त अवघड होत गेलं. मला वाटतं, आपल्यातल्या कुणाचंही तसंच झालं असतं, पण हे मी आँटीसमोर म्हणणार नाही.

तिने दुसरे रस्ते धुंडाळले. शनिवारी येऊन ती होडी घासायची आणि लेपाचे नवे हात द्यायची. "पोरगी आईचे पाय चेपतेय," असं लोक कौतुकाने म्हणायचे. पण ओलावा आधीच आत गेला होता, आणि वरून लेप दिल्यावर त्याला बाहेर पडायला वाट उरली नाही. हे तिला लेप देतानाच ठाऊक होतं. तरी ती द्यायची, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मग तिने सुचवून पाहिलं की शर्यतीला आपली जुनी फायबरग्लासची होडी बरी, तिला वेग जास्त आहे.

आँटी फेतूने हातातला शिंपला खाली ठेवला. "म्हणजे तुझी आई गावात मिरवायला चालते, कारापिरोला न्यायची लाज वाटते?"

"तसं नाही, आँटी."

"मग कसं? हॅमिल्टनच्या लोकांसमोर ही गावठी वाटते?"

"आँटी, मीच बनवलीय ती."

"तू?" आँटी म्हणाली. "माझ्या बोटांकडे बघ आणि परत म्हण."

त्या वसंतात तिला ब्रिस्बेनहून नोकरीचं विचारणं आलं. चांगली जागा, स्वतःची लॅब, विमानाच्या आतल्या पॅनेलचं काम. एकदम कोरडं. तिने हो म्हणायचं ठरवलं होतं. पण ती गेली तर होडी इथेच राहणार, आणि तीत आम्ही. ब्रिस्बेनला तिने महिनाभराची मुदत मागितली, मग आणखी महिन्याची. दुसरी मुदत संपली तेव्हा त्यांचा निरोप आलाच नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

दुसऱ्या जागेवर बसणाऱ्या मिहीचा खांदा दुखावला, आणि पारे म्हणाली, "तिच्या जागी मी बसते."

आम्ही पोट धरून हसलो. तिने शाळेनंतर वल्ह्याला हात लावला नव्हता. "डॉक्टरीणबाई, बाहेरचं पाणी बाहेर ठेवायचं असतं बरं का," टुरोआ म्हणाला, कारण तिच्या प्रत्येक फटक्याला एक घागर माझ्या मांडीवर येत होती. पण ती चिवटपणे येत राहिली. आठवड्यातून तीनदा, हॅमिल्टनहून डोंगर ओलांडून, ऑफिसचे कपडे गाडीत बदलून. मी तिच्या मागे बसायचे, म्हणून मला दिसायचं: बाजू बदलायच्या मधल्या क्षणाला ती डावा तळवा होडीच्या अंगावर टेकवायची, बांधाच्या शेजारी. मला वाटलं, आईचं नाव म्हणून. एकदा मी तिला म्हटलंसुद्धा, "तिला बरं वाटत असेल, नाही?" ती मागे वळली नाही.

डिसेंबरात, शर्यतीच्या आधी, टुरोआने आम्हाला बंदराच्या तोंडाकडे नेलं. ओहोटी लागली होती आणि समोरून वारा, त्यामुळे पाणी उभं राहत होतं. होडीचं नाक वर जायचं आणि थाडकन खाली यायचं. चौथ्या की पाचव्या आदळण्याला पारेने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं.

"मागे वळव," ती म्हणाली.

"वल्हं मार, पारे!" टुरोआ मागून ओरडला.

"मागे वळव म्हणते ना! सुटतेय ती. माझ्या हाताखाली हलतेय."

"कोण हलतेय? मला काही दिसत नाही."

"दिसणार नाहीच तुला. आतून सुटलीय. हिवाळ्यापासून सुटलीय. मला माहीत होतं. टुरोआ, पाया पडते, वळव."

टुरोआने होडी वळवली. सहा जण एकामागे एक, तोंडं पुढे, कुणाला कुणाचा चेहरा दिसत नाही आणि उठून कुठे जाता येत नाही. तिने सगळं सांगितलं ते तिथेच, समोर बघत. पट्ट्यांचं, नाण्याचं, लेपाचं, "ठीक आहे" म्हणाल्याचं. तिची पाठ माझ्यासमोर होती. मला ती पाठ हाताने थोपटावी असंही वाटलं आणि वल्ह्याने हाणावी असंही. दोन्ही केलं नाही. आम्ही हळूहळू, लाट तिरपी घेत, किनाऱ्याला आलो.

आणि होडी फुटली नाही. हीच तर पंचाईत. पाण्याचा थेंब आत नाही, एक चीर नाही. वाळूवर ती मधासारखी चमकत पडली होती, आणि पारे तिच्याशेजारी उभी.

आँटी फेतू धक्क्यावरून खाली आली. टुरोआने तिला थोडक्यात सांगितलं. आँटीने पारेकडे पाहून एवढंच विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

"हिवाळ्यापासून."

"आणि तू ह्या पोरांना बसू दिलंस."

"म्हणून तर मी स्वतः बसत होते, आँटी."

"तू बसलीस म्हणजे काय झालं? तू काय बूच आहेस, की तू असलीस तर होडी बुडणार नाही?" आँटीचा आवाज चढला नाही, आणि तेच वाईट होतं. "होडी मोडली असती तर मी रडले असते, पारे. रडून दुसरी केली असती. सगळ्याच वस्तू मोडतात. पण तू गप्प बसलीस, त्याचं मी काय करू?"

टुरोआ मधे पडला, "आँटी, कदाचित काही झालंही नसेल. आलीच की परत."

"काप," आँटी म्हणाली.

"आँटी..."

"ती म्हणते आत सुटलीय. आम्ही म्हणतो नाही. मग काप आणि बघू. मला जन्मभर 'कदाचित' नको."

शेडसमोरच्या हिरवळीवर होडी ठेवली. आँटीने तिला हात लावून प्रार्थना म्हटली, मयताला म्हणतात तीच. मग टुरोआने पुढच्या बांधापाशी करवत लावली. पहिला तुकडा सुटला तेव्हा वास आला, डबक्यात कुजलेल्या पातीचा. वरचा लेप लख्ख होता, आणि त्याच्याखाली वाख राखेच्या रंगाचा. टुरोआने नख घातलं तर एकेक थर पुस्तकाच्या पानासारखा उचलला गेला, आणि त्यांच्यामधून पाणी ओघळलं. टुरोआ तिथेच गवतावर बसला. महिनोन् महिने तो आम्हाला ह्याच पाण्यावर, ह्याच होडीत नेत होता. त्याचं डोकं तेच हिशेब करत असणार.

दुसऱ्या दिवशी ग्रॅहम ट्रेलर घेऊन आला. होडी कागदोपत्री संस्थेची.

"ती माझी बहीण आहे," आँटी दारात उभी राहून म्हणाली. "मी तिला पुरणार."

ग्रॅहम पांढराफटक पडला होता. पण तो म्हणाला, "हे का झालं ते कळलं नाही, तर पुढे कुणीतरी दुसऱ्या गावात अशीच होडी करेल. आणि ती लोकांना घेऊन फुटेल."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हे सगळ्यांनाच कळत होतं. सगळे पारेकडे बघू लागले. संस्था एका बाजूला, आँटी दुसऱ्या बाजूला, आणि मधे ती.

"नाक आँटीला द्या," पारे शेवटी म्हणाली. "बाकी मला लागेल."

आँटी फेतूने होडीचं नाक माकारेटाच्या थडग्याशेजारी पुरलं. पारे आली होती, मागे उभी होती. सगळं झाल्यावर आँटी तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "चहा घेऊन जाणार का, डॉक्टर?"

त्या दिवसापासून ती पारेला 'डॉक्टर' म्हणते. पारे नाही, पोरी नाही. अगदी गोड आवाजात, पाहुण्याला म्हणावं तसं. पारे येते, चहा पिते, कप धुऊन ठेवते आणि जाते.

सहा होड्यांचं काम बंद पडलं. लॅबमधली निम्मी माणसं दुसरीकडे पांगली. ग्रॅहम वेलिंग्टनला कुठल्याशा समितीवर गेला. नव्या लावलेल्या कुरणांत गुरं परत सोडली. त्यांनी हाराकेके काही खाल्ला, काही तुडवला. पारेला कुणी काढलं नाही. उलट, तिला सोडायलाच कुणी तयार नव्हतं. उरलेल्या कामाचं नाव होतं माकारेटाची तपासणी, आणि ती करू शकणारं माणूस एकच होतं. तिने धडाचे शेकडो तुकडे केले. नाव काढून त्यांना नंबर दिले. पाणी कसं शिरलं ते तिला सापडलं: लेप झिजला तिथून ते वाखाच्याच पोकळीतून, नळीतून जावं तसं, आत लांबपर्यंत गेलं होतं. वाख जितका लांब आणि अखंड, तितकं दूर. म्हणजे आँट्यांनी इतक्या निगुतीने काढलेला तो अखंड वाखच पाण्याची वाट झाला. तिने हे लिहून छापलं, परदेशातून तिला चार लोकांची कौतुकाची पत्रं आली. आँटीला हे कुणी सांगितलेलं नाही. मी तर नाहीच.

गेल्या महिन्यात मी दातांच्या कामासाठी हॅमिल्टनला गेले होते, तेव्हा तिच्या लॅबवर थांबले. तळलेला पाव नेला होता, अजून कोमट होता. दारासमोरच्या भिंतीवर आता नुसता रंग आहे. पारे आतल्या खोलीत होती. खाऱ्या पाण्याच्या टाकीत एक पट्टी आडवी टांगलेली, तिच्या मधोमध वजन. पट्टी किंचित वाकलेली, आणि दर थोड्या वेळाने यंत्र आकडा दाखवत होतं.

"ही कुठली?" मी विचारलं.

"दुसऱ्या जागेखालची. धड राहिलेल्या भागातली."

"काय करतेय ती?"

"मोडण्याची वाट बघतेय. म्हणजे मी बघतेय." तिने पाव मोडून तोंडात घातला. "आँटीने पाठवला?"

"नाही गं, मी तळला."

"हं." ती थोडा वेळ चावत राहिली. "चांगला झालाय."

"किती वेळ लागेल हिला?"

"सांगता येत नाही. गेल्या आठवड्यात मोडेल असं वाटलं होतं."

"मग घरी जा की. यंत्र आहे ना."

"जाते. परत येते." ती हसली. "अशा अजून चाळीस आहेत."

मी तिला विचारलं, ब्रिस्बेनला का गेली नाहीस. इतकी वर्षं मी ते विचारलं नव्हतं. तिने बोटांवरचं तेल टिश्यूला पुसलं.

"तिथे गेले असते, तर ह्या कुणीतरी दुसऱ्याने मोडल्या असत्या," ती म्हणाली. "एखाद्या अनोळखी माणसाने, कानात गाणी लावून."

मग आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मिहीचा खांदा, टुरोआच्या मुलीचं लग्न, क्लबच्या फायबरग्लासच्या होडीला नवा रंग. पारे अजून दुसऱ्या जागेवर बसते, आणि आता तिचं पाणी माझ्या अंगावर येत नाही. बोलता बोलता तिची नजर सारखी टाकीकडे जात होती. लॅब बंद व्हायची वेळ झाली तरी पट्टी तशीच होती. ती मला गाडीपर्यंत सोडायला आली, खिडकीतून आत वाकून म्हणाली, "डोंगरावर धुकं असेल, हळू जा." मी गाडी वळवली तेव्हा ती आत निघून गेली होती.